मोबाइल अ‍ॅपसाठी संगणक तयार करणं आणि साइनिंग की सांभाळणं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

अ‍ॅप बनवायला बसलं की दोन कामं कोडच्याही आधी येतात. एक, संगणकावर लागणारी साधनं बसवणं. दोन, तयार अ‍ॅपवर डिजिटल सही करायला की बनवणं. पहिल्या कामात काही बिघडलं तर फार तर एक दिवस जातो; सगळं पुसून नव्याने बसवता येतं. दुसऱ्या कामातला घोळ मात्र लगेच दिसत नाही. तो दोन वर्षांनी, ऐन अपडेटच्या वेळी समोर येतो आणि तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून इथे इन्स्टॉलेशन भराभर उरकलं आहे आणि कीच्या भागावर मुक्काम केला आहे. मुख्य भर अँड्रॉइडवर आहे, आयफोनचं शेवटी.

एक सूचना: आज्ञा, मेनू आणि एररची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

१. हाताशी काय हवं

- संगणक. अँड्रॉइडसाठी विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही चालतं. आयफोनसाठी मॅकच लागतो. ८ जीबी रॅमवर काम रेटता येतं, पण एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) चालवायचा असेल तर १६ जीबीच्या खाली नुसती चिडचिड होते.
- डिस्कवर मोकळी जागा. अँड्रॉइड स्टुडिओ (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), एसडीके (अँड्रॉइडच्या साधनांचा संच), एम्युलेटरच्या सिस्टिम इमेज आणि ग्रेडलचा (कोडमधून तयार फाइल बनवणारं, म्हणजे 'बिल्ड' करणारं साधन) कॅश मिळून बघता बघता फुगतात. ३०-४० जीबी मोकळे ठेवा.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची केबल दिसायला अगदी तशीच असते.
- पासवर्ड मॅनेजर. हा पर्यायी नाही.
- प्ले कन्सोल (गूगल प्लेवर चढवायची जागा) किंवा अ‍ॅपल डेव्हलपर खात्यासाठी ओळखपत्र, फोन नंबर आणि टू-फॅक्टर चालू असलेलं खातं. संस्थेच्या नावाने खातं काढायचं असेल तर ९ अंकी डन्स क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा जागतिक क्रमांक) लागतो. तो मिळायला वेळ लागू शकतो, त्यामुळे अर्ज आधी टाका आणि मग कोड लिहीत बसा.
- अ‍ॅपचं पॅकेज नाव. हीच प्लेवर आणि फोनवर त्याची एकमेव ओळख; एकदा प्लेवर गेलं की ते बदलता येत नाही. नमुना प्रकल्पात येणारं 'कॉम डॉट एक्झाम्पल' प्ले स्वीकारत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी नीट नाव ठरवा.

२. अँड्रॉइड स्टुडिओ बसवा आणि पहिल्या बिल्डला सवड द्या

स्टुडिओ अधिकृत साइटवरूनच उतरवा. पहिल्यांदा उघडल्यावर सेटअप विझार्ड येतो, त्यात 'स्टँडर्ड' निवडलं तरी पुरतं. त्याने एसडीके प्लॅटफॉर्म, बिल्ड-टूल्स, एडीबी (संगणकावरून फोनशी बोलणारं साधन) असलेले प्लॅटफॉर्म-टूल्स आणि एम्युलेटर एवढं येतं. नंतर काही कमी पडलं तर एसडीके मॅनेजरमधून घ्या, दुसऱ्या कुठल्या साइटवरून झिप आणून चिकटवू नका.

प्रकल्प कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. फोल्डरच्या वाटेत कुठेही देवनागरी अक्षरं असतील तर विंडोजवर ग्रेडल थेट कुरकुर करतं. स्पेस असेल तर काही साधनं अडखळतात. ज्यांच्या विंडोजच्या युजरनेममध्येच मराठी नाव आहे त्यांनी एसडीके आणि प्रकल्प दोन्ही सरळ ड्राइव्हच्या मुळाशी, साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावेत. वनड्राइव्हसारख्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येही प्रकल्प नको. बिल्ड चालू असताना सिंक फाइल धरून ठेवतं आणि मग 'फाइल डिलीट करता आली नाही' असा कारण न कळणारा एरर येतो.

पहिला ग्रेडल सिंक बरंच काही डाउनलोड करतो. मध्येच 'अडकलं' असं समजून बंद करू नका, अर्धवट उतरलेल्या फाइली नंतर डोकं खातात.

टर्मिनलमधून काम करणार असाल तर 'अँड्रॉइड होम' हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (साधनांना जागा कळवणारं सिस्टिमचं सेटिंग) एसडीकेच्या फोल्डरकडे वळवा आणि प्लॅटफॉर्म-टूल्स 'पाथ'मध्ये (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या यादीत) घाला. जुन्या लेखांत 'अँड्रॉइड एसडीके रूट' सापडेल, ते नाव आता मोडीत निघालं आहे. फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बनवायची गूगलची चौकट) वापरणाऱ्यांनी 'फ्लटर डॉक्टर' चालवून काय राहिलं ते पाहावं. बहुतेकदा एसडीकेचे परवाने मान्य करायचे राहिलेले असतात.

३. जावाची भानगड

नवखे सर्वांत जास्त इथे अडकतात. ग्रेडल जावावर चालतं, त्याला जेडीके (जावाचा साधनसंच) लागतो. स्टुडिओ आपला जेडीके सोबत घेऊन येतो, पण टर्मिनल मात्र 'जावा होम'मध्ये जे असेल ते उचलतं. त्यामुळे तोच प्रकल्प स्टुडिओत बिल्ड होतो आणि टर्मिनलमध्ये होत नाही. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ पासून जेडीके १७ लागतो. स्टुडिओतला जेडीके सेटिंग्जमध्ये 'बिल्ड टूल्स'खाली ग्रेडलच्या पानावर दिसतो. 'जावा होम' त्याच जेडीकेच्या फोल्डरकडे वळवलं की निम्मे वाद मिटतात.

'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' असा एरर आला तर त्या आकड्यातून ४४ वजा करा. उत्तर २१, म्हणजे तुम्ही जावा २१ वर चालवताय आणि प्रकल्पातलं ग्रेडल त्याहून जुनं आहे. ६१ म्हणजे १७. हे गणित माहीत असलं की शोधाशोध वाचते.

आणि ग्रेडल वेगळं बसवू नका. प्रत्येक प्रकल्पासोबत ग्रेडल रॅपर (योग्य आवृत्तीचं ग्रेडल आपोआप आणणारी छोटी फाइल) येतो, तोच वापरा.

४. फोन जोडा, नाहीतर एम्युलेटर

खरा फोन असेल तर तोच घ्या. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. मग टर्मिनलमध्ये 'एडीबी डिव्हायसेस'. यादी रिकामी आली तर आधी केबल बदलून पाहा, मग विंडोजवर ड्रायव्हर. 'अनऑथराइज्ड' आलं तर फोनचं कुलूप उघडा, स्क्रीनवर परवानगी विचारणारा चौकोन वाट पाहत असतो. अँड्रॉइड ११ पासून पुढे वाय-फायवरूनही डीबगिंग करता येतं.

एम्युलेटर कासवाच्या गतीने चालत असेल किंवा सुरूच होत नसेल तर व्हर्च्युअलायझेशन (संगणकात दुसरा संगणक चालवू देणारी प्रोसेसरची सोय) तपासा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली सीपीयूच्या पानावर ते 'एनेबल्ड' दिसायला हवं, नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा. एम्युलेटर वेगवान करणारं इंटेलचं हॅक्सम बसवायला सांगणारे लेख सोडून द्या, ते २०२३ मध्ये बंद झालं. लिनक्सवर याच कामासाठी केव्हीएम लागतं. एम-मालिकेच्या मॅकवर एआरएमचीच (त्या मॅकच्याच प्रोसेसरच्या प्रकारची) इमेज निवडा.

५. डीबग की: न मागता मिळालेली

प्रत्येक अँड्रॉइड अ‍ॅपवर सही असावीच लागते, सहीशिवाय फोन ते बसवूनच घेत नाही. मग तुम्ही की न बनवताही अ‍ॅप फोनवर कसं चाललं? स्टुडिओने गुपचूप डीबग की बनवली. ती तुमच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट अँड्रॉइड' फोल्डरमध्ये 'डीबग डॉट कीस्टोअर' नावाने असते; कीस्टोअर म्हणजे की ठेवायची कुलूपबंद फाइल. तिचा पासवर्ड 'अँड्रॉइड' आणि एलियस (फाइलमधल्या कीचं नाव) 'अँड्रॉइडडीबगकी', हे जगजाहीर आहे. त्यामुळे या कीने सही केलेलं अ‍ॅप प्ले घेत नाही.

ही की प्रत्येक संगणकावर वेगळी बनते. तुमच्या मित्राने त्याच्या लॅपटॉपवरून फोनमध्ये टाकलेलं अ‍ॅप तुम्ही तुमच्या लॅपटॉपवरून अपडेट करायला गेलात तर 'इन्स्टॉल फेल्ड अपडेट इनकम्पॅटिबल' येईल. पॅकेज नाव तेच, सही वेगळी, म्हणून फोन नकार देतो. जुनं अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा बसवा. हाच नियम पुढे रिलीज कीलाही (प्रत्यक्ष प्रकाशनासाठीच्या कीला) लागतो, फक्त तिथे 'काढून टाका' हे तुम्हाला हजारो वापरकर्त्यांना सांगावं लागेल.

६. रिलीज की बनवा

दोन वाटा आहेत. स्टुडिओत 'बिल्ड' मेनूतून 'जनरेट साइन्ड अ‍ॅप बंडल' निवडून 'क्रिएट न्यू' दाबा, किंवा जेडीकेसोबत येणारं 'कीटूल' टर्मिनलमधून वापरा. मी कीटूलच सुचवेन. काय घडतंय ते डोळ्यांसमोर राहतं, आणि पुढे तपासणीसाठी तेच लागणार आहे.

'जेनकीपेअर' या पर्यायासोबत एवढं द्यायचं: कीस्टोअर फाइलचं नाव, एलियस, अल्गोरिदम आरएसए, कीची लांबी २०४८ किंवा ४०९६, आणि वैधता १०००० दिवस. म्हणजे साधारण २७ वर्षं. वैधतेत काटकसर करू नका. २२ ऑक्टोबर २०३३ च्या आधी संपणारी की प्ले स्वीकारत नाही, आणि सर्टिफिकेट (कीसोबत बनणारा, मालकाची माहिती आणि मुदत सांगणारा तिचा उघड भाग) एकदा बनलं की त्याची मुदत वाढवता येत नाही. वैधता द्यायची विसरलात तर कीटूल आपल्या मनाने ९० दिवस धरतं.

आज्ञा दिली की आधी पासवर्ड विचारला जातो. टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा. मग नाव, विभाग, संस्था, शहर, राज्य आणि दोन अक्षरी देशाचा कोड असे प्रश्न येतात. ही माहिती सर्टिफिकेटमध्ये कायमची बसते, पण ती कुणी पडताळून पाहत नाही. संस्थेचं नाव नीट लिहा, बाकीच्यावर फार विचार नको. शेवटी सगळी माहिती एका ओळीत दाखवून 'हे बरोबर आहे का?' असं विचारतं आणि कंसात 'नो' असतं. इथे सवयीने एंटर दाबला की उत्तर 'नो' धरलं जातं आणि प्रश्नमालिका पहिल्यापासून सुरू होते. 'येस' लिहूनच एंटर दाबा.

पासवर्डबद्दल दोन गोष्टी. जावा ९ पासून कीटूल पीकेसीएस१२ प्रकारचं कीस्टोअर बनवतं, त्यात कीस्टोअरचा आणि आतल्या कीचा पासवर्ड एकच असतो. स्टुडिओ दोन वेगळे रकाने दाखवतं. दोन्हींत तोच टाका. दुसरं, पासवर्ड लांब ठेवा पण त्यात डॉलरचं चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ टाळा. टर्मिनल आणि पुढच्या भागात येणारी प्रॉपर्टीज फाइल त्यांचा भलताच अर्थ लावतात आणि तुम्ही 'पासवर्ड तर बरोबर आहे' म्हणत बसता.

७. प्रकल्पाला की दाखवा, गिटला नको

कीस्टोअर फाइल प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर ठेवा. तिची जागा, एलियस आणि दोन्ही पासवर्ड एका वेगळ्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल बनवण्याआधीच तिचं नाव गिटइग्नोरमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाला. क्रम महत्त्वाचा आहे. एकदा कमिट झालेली (गिटच्या इतिहासात नोंदली गेलेली) फाइल गिटइग्नोरमध्ये घालून काही होत नाही, आणि पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी इतिहासात ती राहतेच. सार्वजनिक रिपॉझिटरीत पासवर्ड गेला असेल तर तो फुटला असं समजूनच पुढची पावलं उचला.

बिल्ड ग्रेडल फाइलमध्ये 'साइनिंग कॉन्फिग्ज' या भागात हे चार तपशील प्रॉपर्टीज फाइलमधून वाचून भरायचे आणि 'रिलीज' बिल्ड टाइपला तो कॉन्फिग जोडायचा. विंडोजवर फाइलचा पत्ता लिहिताना साध्या तिरक्या रेघा वापरा. उलटी रेघ वापरायचीच असेल तर दोनदा लिहावी लागते.

फ्लटरवाल्यांसाठी खास इशारा: नव्या प्रकल्पात रिलीज बिल्डला डीबग कीच जोडलेली येते. बिल्ड विनातक्रार होतं, फोनवर चालतं, आणि प्ले कन्सोलवर चढवताना 'डीबग मोडमध्ये सही केलेलं' म्हणून परत येतं. ती ओळ बदलायची राहते, बस्स.

८. प्ले अ‍ॅप साइनिंग: एकीच्या दोन की

ऑगस्ट २०२१ पासून प्लेवरच्या नव्या अ‍ॅपसाठी एपीकेऐवजी (थेट फोनवर बसणाऱ्या फाइलऐवजी) अ‍ॅप बंडल (प्लेला द्यायचं गाठोडं, त्यातून एपीके प्ले बनवतं) आणि प्ले अ‍ॅप साइनिंग सक्तीचं आहे. त्यामुळे आता दोन की असतात आणि त्यांची गल्लत करणारे खूप आहेत.

तुम्ही वर बनवलेली ती अपलोड की. तिचं काम एवढंच, की बंडल तुमच्याकडूनच आलं हे प्लेला पटवणं. मग गूगल ती सही बाजूला ठेवून, आपल्याकडे असलेल्या अ‍ॅप साइनिंग कीने सही करून अ‍ॅप वापरकर्त्याच्या फोनवर पाठवतं. फोन ओळखतो ती ही दुसरी सही.

याचा मोठा फायदा असा, की अपलोड की हरवली तर वाट बंद होत नाही. नवी की बनवायची, तिचं सर्टिफिकेट पेम फाइलमध्ये (सर्टिफिकेट मजकुराच्या रूपात ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढायचं आणि खात्याच्या मालकाने कन्सोलमधून अपलोड की रीसेट करायची विनंती टाकायची. मंजुरीनंतरही नवी की चालू व्हायला थोडा वेळ जातो, तेव्हा तातडीचं अपडेट अशा दिवसासाठी राखून ठेवू नका. ज्यांची जुनी अ‍ॅप्स प्ले अ‍ॅप साइनिंगशिवाय चालू आहेत त्यांच्यासाठी मात्र जुनाच कडक नियम: की गेली तर अपडेट गेलं. नव्या पॅकेज नावाने नवं अ‍ॅप काढायचं आणि रेटिंग, रिव्ह्यू, वापरकर्ते शून्यापासून जमवायचे. अशा अ‍ॅपचे मालक असाल तर हा लेख बाजूला ठेवून आधी प्ले अ‍ॅप साइनिंगमध्ये या.

एक निर्णय पहिलं रिलीज जाण्याआधी घ्यावा लागतो: अ‍ॅप साइनिंग की गूगलला बनवू द्यायची की आपली द्यायची. फक्त प्लेवरच राहणार असाल तर गूगलला बनवू द्या. तेच अ‍ॅप दुसऱ्या स्टोअरवर किंवा स्वतःच्या साइटवरही देणार असाल आणि सगळीकडे सही एकच हवी असेल, तर आपली की बनवून गूगलकडे द्या. गूगलने बनवलेली की तुम्हाला बाहेर काढून मिळत नाही.

९. फिंगरप्रिंटचा सापळा

'माझ्याकडे गूगल लॉगिन चालतं, प्लेवरून घेतलं की चालत नाही.' हा प्रश्न इतक्या जणांना पडतो, की उत्तर तोंडपाठ झालंय.

प्रत्येक सर्टिफिकेटला एसएचए-१ आणि एसएचए-२५६ असे फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारे लांबलचक आकडे) असतात. गूगल लॉगिन, नकाशाची एपीआय की (सेवा वापरायचा परवाना-क्रमांक, सहीची की नव्हे), फायरबेस (गूगलच्या तयार सेवांचा संच) या सगळ्यांना 'हे अ‍ॅप खरं का?' हे पॅकेज नाव आणि फिंगरप्रिंट जुळवून कळतं. तुमच्या हातात असे तीन फिंगरप्रिंट आहेत: डीबगचा, अपलोडचा आणि अ‍ॅप साइनिंगचा. बहुतेक जण पहिला नोंदवतात, काही जण दुसरा. प्लेवरून उतरलेल्या अ‍ॅपवर तिसरा असतो, आणि तो प्ले कन्सोलमध्ये अ‍ॅप इंटेग्रिटीच्या पानावर दिसतो.

लॉगिनमध्ये एरर कोड १० आला किंवा नकाशाच्या जागी नुसतं रिकामं पान आणि कोपऱ्यात लोगो दिसला, तर पहिला संशय इथे घ्या. पहिले दोन फिंगरप्रिंट ग्रेडल रॅपरने 'साइनिंग रिपोर्ट' हे टास्क चालवून मिळतात. फायरबेसमध्ये तिन्ही नोंदवता येतात, नोंदवाच. लिंक थेट अ‍ॅपमध्ये उघडण्यासाठी साइटवर ठेवायच्या 'अ‍ॅसेट लिंक्स' फाइलमध्ये एसएचए-२५६ लागतो, तिथेही अ‍ॅप साइनिंगचाच विसरला जातो.

१०. चढवण्याआधी तपासा

बिल्ड-टूल्समधलं 'एपीके साइनर' एपीकेवर 'व्हेरिफाय' आणि 'प्रिंट सर्ट्स' पर्याय देऊन चालवा. सही कुणाच्या सर्टिफिकेटने झाली ते स्पष्ट दिसतं. बंडलसाठी कीटूलचा 'प्रिंटसर्ट' पर्याय 'जारफाइल'सोबत वापरा. कन्सोलने चुकीच्या कीची तक्रार केली तर तो अपेक्षित आणि आलेला असे दोन्ही एसएचए-१ दाखवतो. घाबरून नवी की बनवू नका; तुमच्याकडच्या कोणत्या कीस्टोअरशी अपेक्षित आकडा जुळतो ते आधी पाहा.

हाताने सही करणाऱ्यांसाठी: आधी 'झिपअलाइन' (एपीकेमधला डेटा नीट ओळीत बसवणारं साधन), मग 'एपीके साइनर'. अँड्रॉइड ७ पासूनची सही पूर्ण फाइलवर होते, नंतर एक बाइट हलला तरी ती मोडते. रिलीज बिल्ड एकदा तरी स्वतःच्या फोनवर चालवा. कोड आकसणारं आर८ चालू असेल तर डीबगमध्ये धडधाकट असलेलं अ‍ॅप रिलीजमध्ये कोसळू शकतं.

११. आयफोनचं थोडक्यात

एक्सकोड (अँड्रॉइड स्टुडिओसारखंच अ‍ॅपलचं साधन) बसवा, त्यात अ‍ॅपल खातं जोडा आणि 'ऑटोमॅटिकली मॅनेज साइनिंग' चालू ठेवा. सुरुवातीला हाताने प्रोफाइल (ते काय ते पुढच्या परिच्छेदात) बनवायच्या फंदात पडू नका. फुकट खात्यावर फोनमध्ये टाकलेलं अ‍ॅप ७ दिवसांनी उघडायचं बंद होतं. ते बिघडलेलं नसतं, प्रोफाइलची मुदत संपलेली असते. आयओएस १६ पासून फोनवर डेव्हलपर मोडही चालू करावा लागतो.

इथे तीन वस्तूंची सांगड असते: अ‍ॅप आयडी, सर्टिफिकेट आणि प्रोव्हिजनिंग प्रोफाइल. प्रोफाइल म्हणजे कोणतं अ‍ॅप, कोणाच्या सहीने, कोणत्या फोनवर चालेल याची परवानगी. चाचणीसाठी वर्षाला १०० आयफोन नोंदवता येतात, आणि नोंदवलेला फोन काढून टाकला तरी ती जागा वर्ष संपेपर्यंत मोकळी होत नाही. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याचा फोन नोंदवू नका.

खरा सापळा सर्टिफिकेटचा. अ‍ॅपलच्या साइटवरून सर्टिफिकेट कितीदाही उतरवता येतं, पण त्यात प्रायव्हेट की (सही करणारा गुप्त भाग) नसते. ज्या मॅकवर सर्टिफिकेटसाठीची विनंती बनवली, ती की तिथल्या कीचेनमध्येच (मॅकच्या पासवर्ड-की ठेवायच्या तिजोरीत) राहते. कीचेन अ‍ॅक्सेस उघडा, सर्टिफिकेटशेजारचा छोटा बाण दाबा. खाली की दिसली तर ठीक. नसेल तर या मॅकवरून सही होणार नाही. मॅक बदलण्याआधी सर्टिफिकेट आणि की एकत्र पी१२ फाइलमध्ये काढून ठेवा. सर्टिफिकेट रद्द झालं किंवा मुदत संपली तरी अ‍ॅप स्टोअरवरची अ‍ॅप्स चालू राहतात आणि नवं बनवता येतं, त्यामुळे इथे अँड्रॉइडइतकी धास्ती नाही. तरी टीममध्ये न विचारता 'रिव्होक' दाबू नका, बाकीच्यांचे बिल्ड थांबतील. पुश नोटिफिकेशनची पी८ की मात्र एकदाच उतरवता येते, ती लगेच जपून ठेवा.

१२. बॅकअप, आणि तो उघडतो का ते पाहणं

प्रत्येक कीसाठी एवढं एकत्र ठेवा:

- कीस्टोअर किंवा पी१२ फाइल
- एलियसचं अचूक नाव
- पासवर्ड
- एसएचए-१ आणि एसएचए-२५६ फिंगरप्रिंट
- कोणत्या अ‍ॅपची, आणि अपलोड की का अ‍ॅप साइनिंग की

फाइल दोन वेगळ्या ठिकाणी हवी, त्यातलं एक ठिकाण तुमच्या लॅपटॉपबाहेरचं. पासवर्ड मॅनेजरमध्ये फाइल जोडता येत असेल तर उत्तमच. ईमेलने किंवा चॅटवर पाठवून 'तिथे आहेच' असं म्हणू नका. मग दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधली फाइल घ्या, नोंदवलेल्या पासवर्डने कीटूलचा 'लिस्ट' पर्याय चालवा आणि फिंगरप्रिंट जुळतो का ते पाहा.

अ‍ॅप दुसऱ्या कुणाकडून बनवून घेत असाल तर प्ले कन्सोल आणि अ‍ॅपलचं खातं पहिल्यापासून तुमच्या नावावर असू द्या, बनवणाऱ्याला त्यात सदस्य म्हणून घ्या. वरची पूर्ण यादी शेवटचा हप्ता देण्याआधी हातात घ्या आणि तुमच्या संगणकावर 'लिस्ट' चालवून खात्री करा. टीममधला माणूस सोडून जाताना त्याचा प्रवेश काढा, आणि पासवर्ड त्याला माहीत होता तर अपलोड की रीसेट करून घ्या.